वेल्डिंगचा धूर: वजन करायचं की कण मोजायचे?

जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात ट्रॉल्या, शेडचे सांगाडे, कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये धुराची तपासणी झालीच, तर ती वजनाने होते. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टरची डबी, आणि पाळी संपल्यावर फिल्टरवर किती मिलिग्रॅम साचलं त्याचा हिशेब.

पूर्वी खाणींतली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजूनच तपासत. नंतर सिलिकोसिससारख्या (दगडाच्या धुळीने होणाऱ्या) फुप्फुसाच्या आजारांचा संबंध फुप्फुसात खोल जाणाऱ्या धुळीच्या वजनाशी जास्त चांगला जुळतो असं दिसलं आणि १९५९च्या जोहान्सबर्ग परिषदेनंतर वजनाची पद्धत रूढ होत गेली. दगड-कोळशाच्या धुळीसाठी हे योग्यच होतं. वेल्डिंगच्या धुराला तोच नियम लावला गेला, आणि खरा घोळ तिथे झाला.

आर्कच्या (वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीच्या) उष्णतेने धातूची वाफ होते आणि ती थंड होताना ५ ते ४० नॅनोमीटरचे कण बनतात. २० नॅनोमीटरचे सुमारे सव्वा लाख कण एकत्र केले तर १ मायक्रॉनच्या (म्हणजे १००० नॅनोमीटरच्या) एका कणाइतकं वजन भरतं. फिल्टरवर एखादा ढोबळ कण पडला की तराजूत या सव्वा लाखांची किंमत त्या एकाइतकीच. फुप्फुसाला मात्र बाधतो तो कणांचा पृष्ठभाग, आणि तो या बारीक कणांचा त्या एकापेक्षा पन्नासपट असतो.

मग कणच मोजावेत, तर वाद आणखी वाढतो. हे कण सुटे राहत नाहीत, काही क्षणांत साखळ्या करून चिकटतात. साखळी एक धरायची की तिच्यातला प्रत्येक मणी? अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ म्हणजे नॅनोपदार्थ; त्यांच्या २०११च्या युरोपीय व्याख्येने मणी मोजले आणि अनवधानाने तयार होणारे कणही त्यांत धरले. पण नेदरलँड्समधले घनसेंटिमीटरला २० हजार आणि ४० हजार कणांचे संदर्भ आकडे मुद्दाम बनवलेल्या नॅनोपदार्थांसाठी ठरले. एकाच आकाराचा कण प्रयोगशाळेत बनला तर त्याला वेगळी मर्यादा आणि वेल्डरच्या होल्डरखाली बनला तर नाही, हे मला पटत नाही.

यंत्रांच्याही मर्यादा आहेत. कणांवर अल्कोहोलची वाफ गोठवून ते मोजणारं हातातलं उपकरण घनसेंटिमीटरला साधारण लाखभर कणांपुढे गोंधळतं, आणि आर्कजवळची हवा तो आकडा सहज ओलांडते. शिवाय ते उपकरण धातू ओळखत नाही. हायवेवरच्या ट्रकचा धूर, जनरेटरचा धूर, सगळं एकाच आकड्यात येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ला गेला की शेडमध्ये मोठे पंखे लागतात. मग पंख्याची दिशा बदलली तरी आकडा बदलतो.

आपल्या कायद्यात वेल्डिंगच्या धुराची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम ठरली. भोपाळनंतर १९८७च्या दुरुस्तीने कारखाना कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतला हा आकडा. अमेरिकी तज्ज्ञांच्या यादीतही तेव्हा तोच होता. २००४ मध्ये तो तिथून काढण्यात आला. वेल्डिंगच्या धुरातल्या मँगेनीज या धातूला आपल्या त्या अनुसूचीत १ मिलिग्रॅम, तर त्या यादीत २०१३ पासून खोल जाणाऱ्या कणांसाठी ०.०२. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (IARC) वर्गवारीत वेल्डिंगचा धूर १९८९ मध्ये कर्करोगाच्या 'शक्य' कारणांत होता. २०१७ मध्ये तो तंबाखू, अ‍ॅस्बेस्टॉसच्या, म्हणजे निश्चित कारणांच्या गटात गेला. ५चा आकडा आधीच्या समजुतीवर उभा होता.

फेब्रुवारीपासून कूलरचा सीझन लागतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर आर्क पडला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्यावर गूळ-दूध देतात. जस्ताचा धूर त्याने उतरत नाही. दुसऱ्या दिवशी ताप जातो म्हणून कुणी नोंदही करत नाही.

नमुना घेताना डबी वेल्डरच्या शिरस्त्राणाच्या (चेहरा झाकणाऱ्या ढालीच्या) आत हवी, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये शिरस्त्राणच नसतं. एका हातात काच, नाहीतर नुसता काळा गॉगल. शिवाय महाराष्ट्रात २०१५च्या दुरुस्तीपासून विजेवर चालणारं वर्कशॉप कायद्याने कारखाना धरलं जायला २० कामगार लागतात. ट्रॉलीच्या वर्कशॉपमध्ये असतात तिघे-चौघे.