सेवेला अपात्र, तरीही दिव्यांग नाही

अमेरिकेच्या सैन्यदलांत प्रकृतीमुळे एखादा जवान नोकरी करू शकेनासा झाला, की त्याला घरी पाठवण्याच्या दोन वाटा असतात. पहिली दिव्यांगत्व-मूल्यांकनाची. आधी वैद्यकीय मंडळ, मग शारीरिक पात्रता ठरवणारे मंडळ, आणि शेवटी टक्केवारी. ३० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरले तर निवृत्तिवेतन आणि कुटुंबासह आरोग्यसेवा मिळते. त्याहून कमी ठरले आणि सेवा २० वर्षांपेक्षा कमी असली, तर एकरकमी भरपाई. दुसरी वाट प्रशासकीय सेवामुक्तीची. तिच्या कागदावर कारण लिहितात ते असे: ‘दिव्यांगत्व न मानली जाणारी प्रकृतीची स्थिती’. या वाटेवर टक्केवारी ठरत नाही आणि निवृत्तिवेतनही नसते.

कोणत्या तक्रारी या दुसऱ्या वाटेने जातात, त्याची यादी संरक्षण खात्याच्या नियमांत आहे. झोपेत चालणे, मोठेपणी अंथरूण ओले होणे, तोतरेपणा, डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता), बोट किंवा विमान लागणे, लोकरीची अॅलर्जी, मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखाची तीव्र अॅलर्जी, लठ्ठपणा, व्यक्तिमत्त्व विकार, अल्पकालीन समायोजन विकार. या यादीमागचा विचार असा की यातल्या बहुतेक गोष्टी माणसाच्या जडणघडणीचा भाग आहेत. सेवेत झालेली इजा किंवा जडलेला रोग त्यांना म्हणता येत नाही. बाहेरच्या जगात हाच माणूस उत्तम नोकरी करू शकतो. फक्त सैन्याच्या कामाशी त्याच्या शरीराचे जुळत नाही.

शारीरिक तक्रारींबाबत हा विचार बऱ्यापैकी पटतो. झोपेत चालणे घ्या. गाढ झोपेच्या टप्प्यात मेंदू अर्धवट जागा होतो: हालचाली घडवणारा भाग जागा, पण निर्णय घेणारा आणि आठवण साठवणारा भाग झोपलेलाच. अपुरी झोप झाली की पुढच्या रात्री गाढ झोप वाढते आणि असे प्रसंगही वाढतात. जहाजावरच्या पाळ्यांत, युद्धसरावात झोप नेहमीच तुटलेली असते. आजूबाजूला शस्त्रे, उघडे डेक, शिड्या. घरी वर्षातून एखाद्या वेळी होणारी गोष्ट इथे जिवावर बेतू शकते.

बोट लागण्याचे मूळ आतल्या कानात आहे. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिका हालचाल नोंदवतात, पण बंद केबिनमध्ये डोळ्यांना सगळे स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. बहुतेकांचा मेंदू काही दिवसांत सरावतो, कानामागे लावायच्या स्कोपोलामिन या औषधाच्या पट्टीचाही उपयोग होतो. काहींना मात्र सराव होतच नाही, आणि नौसैनिक म्हणून त्यांचा उपयोग संपतो.

यादीत जी६पीडी या एन्झाइमची कमतरताही आहे, अर्थात तिच्यामुळे मोठी गुंतागुंत झालेली नसेल तर. हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाला हिवतापावरचे प्रायमाक्वीन हे औषध दिले तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटू लागतात. हा जनुकीय दोष भारतातही आढळतो. पारशी समाजात त्याचे प्रमाण जास्त आहे. एरवी आयुष्यभर त्रास न देणारा हा दोष हिवतापाच्या प्रदेशात तैनात होणाऱ्या जवानाला अडचणीत आणतो.

यादीतले नाव दिसले म्हणजे तपास संपला असे समजणे मात्र धोक्याचे आहे. मोठेपणी अचानक अंथरूण ओले होऊ लागले तर आधी मधुमेह, रात्रीची फिट, पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचा दाब आणि झोपेत श्वास अडणे या शक्यता तपासून बाजूला काढाव्या लागतात. झोपेत श्वास अडण्यामुळे झोपेत चालणेही सुरू होऊ शकते. यातले एकही कारण सापडले तर प्रकरण पहिल्या वाटेवर जायला हवे. रात्रभराची निद्रा-चाचणी न करता ‘झोपेत चालतो’ एवढीच नोंद झाली, तर खरा रोग तसाच राहतो आणि जवानाचा हक्कही बुडतो.

सगळ्यात अवघड जागा मनाच्या विकारांची. समायोजन विकार म्हणजे एखाद्या ताणानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी लक्षणे: उदासी, चिंता, वागण्यातले बदल. ताण संपला की सहा महिन्यांत ती ओसरावीत, अशी व्याख्या. ती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली तर विकार ‘दीर्घकालीन’ होतो, आणि दीर्घकालीन समायोजन विकाराला दिव्यांगत्वाच्या तक्त्यात स्वतःचा सांकेतांक आहे. म्हणजे पाचव्या महिन्यात जवानाला रिकाम्या हाताने पाठवता येते, सातव्या महिन्यात मूल्यांकन करावे लागते. म्हणून लक्षणे नेमकी कधी सुरू झाली, ही तारीख डॉक्टरच्या नोंदीत असणे फार महत्त्वाचे.

आघातोत्तर ताण विकार, म्हणजे पीटीएसडी, याबाबतीत फरक आणखी मोठा आहे. आघातामुळे झालेल्या मानसिक विकाराने सेवेतून बाहेर पडणाऱ्याला सुरुवातीला किमान ५० टक्के दिव्यांगत्वाचा दर द्यावा आणि सहा महिन्यांच्या आत फेरतपासणी करावी, असा नियम आहे. आता लक्षणे पाहा: चिडचिड, झोप उडणे, लोकांपासून तुटणे, अविचाराने वागणे. स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला झालेल्या इजेतही यातली बरीच दिसतात. आणि घाईत तपासले तर व्यक्तिमत्त्व विकारही असाच भासतो. वेगळे ओळखायची खूण काळात आहे. व्यक्तिमत्त्व विकाराचा साचा किशोरवयात किंवा तरुणपणाच्या सुरुवातीला घडतो आणि घर, शाळा, मैत्री, नोकरी अशा सगळीकडे दिसतो. भरतीच्या वेळी ठीक असलेला, काही वर्षे नीट काम केलेला माणूस रणभूमीवरून परतल्यावर बदलला असेल, तर व्यक्तिमत्त्व विकार हे निदान मला फारच कमकुवत वाटते.

ही शंका कागदावरची नाही. नोव्हेंबर २००१ ते जून २००७ या काळात व्यक्तिमत्त्व विकाराच्या कारणाने सुमारे २६,००० जवान सेवेतून काढले गेले. त्यांतले सुमारे २,८०० किमान एकदा इराक-अफगाणिस्तानच्या मोहिमांवर गेलेले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००८ मध्ये काही तळांवरच्या फाइली तपासल्या, तेव्हा नोटीस देण्याचा नियम बहुधा पाळलेला दिसला. योग्य तज्ज्ञाचे निदान आणि लेखी समुपदेशन या दोन बाबतींत मात्र तळागणिक मोठी तफावत होती. त्याच वर्षी नियम कडक झाले.

आजची पद्धत अशी. आधी वरिष्ठ लेखी समुपदेशन करतो: कामात काय कमी पडते ते सांगतो आणि सुधारायला वाव देतो. ही स्थिती दिव्यांगत्वात मोडत नाही, हेही लेखी कळवावे लागते. निदान अधिकृत मानसिक आरोग्यतज्ज्ञाने करायचे, आणि नुसते नाव लिहून भागत नाही. सैनिकी वातावरणात काम करण्याची क्षमता लक्षणीय घटली आहे, असे त्यात असावे लागते. जवान धोक्याच्या क्षेत्रात तैनात झालेला असेल तर दुसऱ्या समकक्ष किंवा वरिष्ठ तज्ज्ञाचा दुजोरा आणि त्या दलाच्या सर्जन जनरलची, म्हणजे वैद्यकीय प्रमुखाची, संमती लागते. पीटीएसडी आहे का, याचे उत्तर अहवालात असलेच पाहिजे. त्यानंतर नोटीस येते. उत्तर द्यायला किमान दोन कामकाजाचे दिवस मिळतात, लष्करी वकिलाचा सल्ला मोफत असतो. सेवा सहा वर्षे किंवा अधिक असेल तर मंडळापुढे सुनावणी मागता येते. लवकर घरी जायला मिळेल या आशेने अनेक तरुण जवान वकिलाला न भेटताच हक्क सोडल्याची सही करतात. सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते.

भारतीय सैन्यात प्रश्न थोडा वेगळा विचारतात: आजार सेवेमुळे उद्भवला का, किंवा बळावला का? भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत झालेला धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात स्पष्ट केले. पुराव्याचा भार तिथे सरकारवर येतो. अमेरिकेत सहा महिने किंवा त्याहून जास्त सेवा झालेल्यांसाठी असेच गृहीतक आहे. पण दुसऱ्या वाटेवर ढकललेल्याचे प्रकरण मंडळापुढे जातच नाही, त्यामुळे या गृहीतकाचा त्याला काही उपयोग होत नाही.

अमेरिकेत बाहेर पडल्यावर हाती येतो डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला. शेरा ‘सन्माननीय’ असेल तर २००१ नंतरच्या सैनिकांसाठीची शिक्षण योजना खुली राहते. ‘सर्वसाधारण’ असेल तर ती मिळत नाही. दाखल्याच्या छोट्या प्रतीत सेवामुक्तीचे कारण छापलेले नसते, म्हणून नोकरीसाठी तीच द्यावी. माजी सैनिक खात्याकडे अर्ज करायला सैन्याने लिहिलेले कारण आड येत नाही: हे खाते आपले निदान स्वतंत्रपणे करते. व्यक्तिमत्त्व विकाराला तेही भरपाई देत नाही, पण त्यावर सेवेत जडलेल्या दुसऱ्या मानसिक विकाराला देते. दाखल्यावरचे कारण बदलायचे असेल तर १५ वर्षांच्या आत पुनर्विलोकन मंडळाकडे डीडी-२९३ अर्ज करता येतो. वैद्यकीय निवृत्ती मात्र ते मंडळ देऊ शकत नाही. त्यासाठी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे डीडी-१४९ भरावा लागतो, चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत. न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करते. अर्जाला पूर्ण वैद्यकीय फाइल, भरतीच्या वेळची तपासणी आणि तैनातीआधी व नंतर वागणे पाहिलेल्या सहकाऱ्यांची सही केलेली निवेदने जोडावीत.