अरॅक्नोडॅक्टिली

हातापायांची बोटे तळव्याच्या मानाने फार लांब व सडपातळ असण्याला अरॅक्नोडॅक्टिली म्हणतात. हे लक्षण आहे, स्वतंत्र आजार नव्हे. अशी बोटे असलेल्या पुष्कळ माणसांना कोणताही विकार नसतो. इतर खुणा जुळल्या, की मात्र महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) व डोळे तपासावे लागतात.

खाटेवरच करता येतील अशा दोन चाचण्या आहेत. अंगठा आत घेऊन मूठ मिटली आणि त्याचे शेवटचे पेर करंगळीकडून पूर्ण बाहेर डोकावले, तर अंगठ्याची खूण मिळाली. दुसऱ्या हाताने मनगट वेढल्यावर अंगठा करंगळीचे नख पूर्ण झाकत असेल, तर मनगटाची. मार्फान सिंड्रोम या आनुवंशिक विकाराच्या निदानासाठीच्या २०१० च्या सुधारित घेंट निकषांत दोन्ही खुणा मिळून ३ गुण, एकच असल्यास १. शरीरभरच्या लक्षणांचे ७ गुण भरले तर ते महत्त्वाचे. सांधे सैल असलेल्यांत या खुणा फसव्या ठरू शकतात, म्हणून केवळ हात पाहून निदान करू नये.

सर्वांत परिचित कारण मार्फान सिंड्रोम. १५ व्या गुणसूत्रावरील एफबीएन१ जनुकातील बिघाडाने फायब्रिलिन-१ हे प्रथिन सदोष होते, आणि अवयवांना आधार देणारे संयोजी ऊतक सैलावते. सुमारे चतुर्थांश रुग्णांच्या आईवडिलांत तो बिघाड नसतो. धोका असतो महाधमनीच्या मुळाचा: ते रुंदावते, आणि भित्तिका चिरली तर जीव जाऊ शकतो. म्हणून इकोकार्डिओग्राम नियमित करतात, बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टन ही औषधे देतात, आणि मूळ साधारण ५ सेंमी झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. जड वजने उचलणे व फ्लुरोक्विनोलोन प्रतिजैविके शक्यतो टाळावीत.

होमोसिस्टिन्युरिया वरवर अगदी तसाच दिसतो. पण हा अप्रभावी विकार आहे, म्हणजे आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतो. नेत्रभिंग बहुधा खाली सरकते (मार्फानमध्ये वर), रक्तात गुठळ्या होतात, आणि सुमारे निम्म्या रुग्णांना ब६ जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. हा भेद चुकणे परवडणारे नाही; रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल मोजले की तो कळतो.

एफबीएन२ जनुकातील दोषाने होणाऱ्या बील्स सिंड्रोममध्ये उलट सांधे जन्मतःच आखडलेले आणि कानांचा वरचा भाग सुरकुतलेला असतो. दुभंगलेली पडजीभ आणि वळणदार धमन्या दिसल्या, तर लोईस-डिएट्झ सिंड्रोम. त्यात धमनी कमी रुंदीवरही फाटू शकते, म्हणून शस्त्रक्रिया लवकर करतात.