दोन कोर की एक वेगवान चिप: कामाच्या लॅपटॉपमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

कामासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की सोलापुरात अजूनही हा प्रश्न निघतोच: कोर (चिपमधले हिशेब करणारे स्वतंत्र भाग) जास्त असलेला घ्यावा की गिगाहर्ट्झ (एका कोरचा वेग) जास्त असलेला? चादरीचं जकार्ड डिझाइन करणारा, ऑटोकॅडवर बसणारा सिव्हिल इंजिनिअर आणि इंटिरिअरचे रेंडर (संगणकावर बनवलेली खरीखुरी वाटणारी चित्रं) काढणारा, तिघांची गरज वेगळी. तरी तिघांनाही एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे जास्त कोर. या सल्ल्याचं मूळ २००४ ते २००६ या काळात आहे.

त्याआधी ड्युअल प्रोसेसर म्हणजे दोन सॉकेट, म्हणजे बोर्डवर दोन वेगळ्या चिप. लॅपटॉपमध्ये ते परवडणारं नव्हतं. प्रत्येक चिपला वेगळा व्होल्टेज रेग्युलेटर आणि वेगळा हीटसिंक लागणार, मेमरीकडे जाणारी बस (माहितीची वाट) मात्र एकच. ॲपलच्या जी४ चिपवर चालणाऱ्या शेवटच्या पॉवरबुक लॅपटॉपमध्ये ही बस १६७ मेगाहर्ट्झची होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.३ गिगाबाइट. एवढ्यात दोन जी४ चिपांचं भागलं नसतं. पुढची जी५ चिप तर लॅपटॉपपर्यंत पोचलीच नाही. २००४ मध्ये २.५ गिगाहर्ट्झच्या जी५ डेस्कटॉपमध्ये चिप थंड ठेवायला द्रव फिरवावा लागत होता. शिवाय विंडोज एक्सपी होम एकच सॉकेट वापरायची.

एकाच चिपचा वेग वाढवण्याचा रस्ता इंटेलच्या पेंटियम ४ ने संपवला. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या तिच्या प्रेस्कॉट आवृत्तीची पाइपलाइन (एकेक सूचना पार पाडण्याची साखळी) ३१ टप्प्यांची होती. ९० नॅनोमीटरच्या बारीक ट्रान्झिस्टरांत गळतीचा, म्हणजे बंद असतानाही झिरपणारा, विद्युतप्रवाह इतका वाढला की चिप ३.८ गिगाहर्ट्झवर अडली, आणि जाहीर झालेलं ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द झालं. त्याच पिढीतल्या ३.४६ गिगाहर्ट्झच्या मोबाइल पेंटियम ४ चा टीडीपी (भाराखाली बाहेर टाकावी लागणारी उष्णता) ८८ वॉट होता. ती चिप मांडीवर घेऊन काम करण्याची नव्हतीच.

आता वादाचा खरा निर्णय. जानेवारी २००६ मध्ये आणखी बारीक, ६५ नॅनोमीटरवर इंटेलची कोर ड्युओ आली: एकाच चिपमध्ये दोन कोर. जागा वाचली होती, तिचा उपयोग एकच कोर आणखी वेगवान करण्यासाठी का केला नाही, असं तेव्हा बऱ्याच जाणकारांनी विचारलं. उत्तर आकड्यांत आहे. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात लागते. फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर एका कोरला ५१ टक्के वीज पुरते. म्हणजे जवळपास तेवढ्याच विजेत दोन कोर चालतात आणि एकूण क्षमता १.६ पट होते. पण ही क्षमता हाती येण्यासाठी काम वाटून देता आलं पाहिजे. या हिशेबात कामाचा ४० टक्क्यांहून कमी भाग विभागता येत असेल, तर जुना एकटा कोरच आधी काम संपवतो. टीकाकारांचा मुद्दा हाच होता, आणि त्या काळची सॉफ्टवेअर पाहता तो पोकळ नव्हता.

प्रत्यक्षात मात्र वेगात एवढी घट करावीच लागली नाही. लॅपटॉपसाठीची आधीच्या पिढीतली एका कोरची पेंटियम एम ७८० ही २.२६ गिगाहर्ट्झ आणि २७ वॉटची. कोर ड्युओ टी२६०० ही २.१६ गिगाहर्ट्झ आणि ३१ वॉटची. वेगात साडेचार टक्क्यांचं नुकसान, त्या बदल्यात अख्खा दुसरा कोर. इथे कामाचा ९ टक्के भाग विभागला गेला तरी बरोबरी होते. २ एमबीची एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) दोन्ही कोरांत सामाईक होती, त्यामुळे एकट्या कोरवरच्या कामालाही ती पूर्ण मिळे. २००५ च्या पहिल्या पेंटियम डी या दोन कोरांच्या डेस्कटॉप चिपमध्ये दोन कॅश वेगळ्या होत्या आणि त्यांचा संवाद बाहेरच्या बसवरून चाले. निर्णय योग्यच होता.

उणिवाही होत्या. दोन्ही कोरांना एकच व्होल्टेज मिळे. एक राबत असताना दुसरा थांबला तरी त्याची गळती चालूच राही. ६४ बिटची सोय नव्हती आणि सहाच महिन्यांनी आलेल्या कोर २ ड्युओमध्ये ती होती, त्यामुळे आधी घेतलेल्यांची नाराजी रास्त होती. एक्सपीमधल्या एका दोषामुळे यूएसबी २.० चं उपकरण जोडलं की प्रोसेसर खोल झोपेत जात नसे आणि बॅटरी लवकर उतरे. त्याचं खापर काही काळ उगाच दुसऱ्या कोरवर फुटलं. दोन कोरांच्या गिगाहर्ट्झची बेरीज करून सांगणं तर निव्वळ चूक.

‘हे की ते’ हा प्रश्न २००९ मध्ये बराच निवळला. कोर आय७-७२०क्यूएम चारही कोर चालताना किमान १.६ गिगाहर्ट्झची हमी देई आणि एकच कोर कामात असला तर २.८ पर्यंत चढे; या तात्पुरत्या चढाला टर्बो म्हणतात. २०२२ पासून इंटेलच्या मुख्य लॅपटॉप चिपांमध्ये मोठे (वेगवान) आणि छोटे (कमी वीज खाणारे) कोर एकत्र येऊ लागले. आय७-१२७००एच मध्ये सहा मोठे, आठ छोटे. मूळ ४५ वॉट, टर्बोत ११५ पर्यंत.

आज अडतं ते उष्णतेवर. चिपची मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या एसी खोलीत ७५ अंशांचं अंतर मिळतं, सोलापुरातल्या एप्रिल-मेच्या ४० अंशांच्या खोलीत ६०. म्हणजे तोच पंखा सुमारे २० टक्के कमी वॉट बाहेर टाकतो आणि सगळे कोर सोबत राबले की वेग पडतो. मागांच्या शेडजवळ पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये सुताच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो आतच घट्ट होतो. बॅटरी सोडवून पंखा काढावा, थर चिमट्याने उचलावा. पंख्यावर हवा मारायचीच असेल तर पाती बोटाने धरून मारावी, नाहीतर बेअरिंग जातं.

विकत घेण्याआधी सगळ्या कोरांवर दहा मिनिटं भार टाकून चिपचा वेग (गिगाहर्ट्झ) कुठे स्थिरावतो ते बघावं. रेंडरवाल्याने हा आकडा धरावा. ऑटोकॅडचं बरंचसं काम एका कोरवर चालतं, आणि जकार्डमध्ये एकेक पिक्सेल सुधारताना बाकीचे कोर बसून असतात. त्यांनी एका कोरचा टर्बो बघावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करून ठेवलेली असेल, तर बहुतेक मशीनमध्ये टर्बो बंदच राहतो. तेही आधी तपासावं.