नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावरचं कार लोन झेपत नाहीये? हप्ता कमी करून मागायचा अर्ज कोण करू शकतं, कागद काय लागतात

लोन घेतलं एकाने, नोकरी गेली किंवा पगार कमी झाला, नाहीतर दोघांचं पटेनासं झालं, आणि आता हप्त्याचं टेन्शन दुसऱ्याच्या डोक्यावर. असं झालं असेल तर बँकेत जायच्या आधी लोनची फाईल काढा आणि तुमची सही कुठे आहे, कशासाठी आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

लग्न झालंय म्हणून नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोचं होत नाही, उलटही नाही. पण तुम्ही को-अॅप्लिकंट, म्हणजे सह-कर्जदार, असाल तर बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागू शकते, अर्धी नाही, पूर्ण. गॅरंटर असाल तरी तेच, करार कायदा 1872 चं कलम 128 जामीनदाराला कर्जदाराइतकंच जबाबदार धरतं, "मी तर फक्त सही केली होती" हे तिथे चालत नाही. तुमची सहीच नसेल तर तुमच्या पगारावर किंवा तुमच्या एकट्याच्या खात्यावर बँकेचा हक्क नाही. फक्त हप्ता जॉइंट खात्यातून जात असेल आणि तुमचा पगारही तिथेच जमा होत असेल तर पैसे कटणारच, त्यामुळे पगाराचं खातं वेगळं केलेलं बरं.

फाईल सापडत नसेल तर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्ही को-अॅप्लिकंट किंवा गॅरंटर असाल तर ते लोन तिथे दिसतं. बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

आता अर्ज. हप्ता कमी करून मागणं किंवा मुदत वाढवून मागणं याला बँकेच्या भाषेत रिस्ट्रक्चरिंग म्हणतात आणि तो अर्ज कर्जदाराच्याच सहीने जातो. तुमचं लोनवर नावच नसेल तर काउंटरवरचा माणूस बाकी किती आहे हेसुद्धा सांगणार नाही, त्यात त्याची चूक नाही. मग नवऱ्याकडून साध्या कागदावर ऑथोरायझेशन लेटर घ्या, लोन नंबर, तुमचं नाव, "माझ्या वतीने माहिती घेण्यास व कागदपत्रे देण्यास परवानगी देत आहे", खाली सही आणि दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. तो सही देतच नसेल आणि तुम्ही को-अॅप्लिकंट असाल तर स्वतःच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमचं नावही नाही आणि तो सहीही देत नाही, अशा वेळी तुम्ही अर्ज करू शकत नाही, पण ते कर्ज फेडायला बांधीलही नाही.

पात्रतेचं म्हणाल तर रिस्ट्रक्चरिंग हा हक्क नाही, प्रत्येक बँकेचं आणि फायनान्स कंपनीचं स्वतःचं धोरण असतं. साधारण बघतात ते हे की आतापर्यंत हप्ते नीट गेलेत का, अडचण खरी आहे का, आणि कमी हप्ता दिला तर तो तरी भरता येईल का. म्हणून "काहीतरी मदत करा" असं लिहू नका, आकडा लिहा: पगार अमुक महिन्यापासून इतका झाला, हप्ता इतका आहे, मला महिन्याला इतके जमतील, तरी मुदत इतक्या महिन्यांनी वाढवून द्यावी. सोबत आधार, पॅन, लोन अकाउंट स्टेटमेंट, गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि अडचणीचा पुरावा लावा, म्हणजे कामावरून काढल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, जे असेल ते.

आणि वेळ महत्त्वाची. हप्ता चुकला की खातं ताणाखाली असल्याची नोंद सुरू होते, 30 दिवसांपर्यंत एक टप्पा, 60 पर्यंत दुसरा, 90 पर्यंत तिसरा, आणि 90 दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. त्यानंतर मुदत वाढवण्याचं बोलणं अवघड होतं, बोलणं वसुलीवर जातं. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं आणि क्रेडिट रिपोर्टवर रिस्ट्रक्चर्ड असा शेरा येऊ शकतो, तरी एनपीएपेक्षा ते परवडलं.

खात्यात पैसे न ठेवून हप्ता टाळायचा, हा उद्योग करू नका. स्टेटमेंटमध्ये नॅच रिटर्नची, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत फिरल्याची, एक ओळ येते, खाली तुमच्या बँकेचा चार्ज, त्यावर जीएसटी, आणि लोन देणाऱ्याचा दंड वेगळा. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा 2007 च्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखीच केस होऊ शकते. मात्र आता दंडावर व्याज चढवता येत नाही, 2024 पासून पीनल इंटरेस्ट बंद करून फक्त पीनल चार्ज ठेवलाय, तेव्हा स्टेटमेंट तपासा.

गाडी परत देऊन टाकू म्हणजे सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही सुटत. लिलावात जे येईल ते वजा करून उरलेली रक्कम कर्जदाराकडे मागतातच, आणि लिलावाची किंमत बाजारापेक्षा कमीच येते. त्यापेक्षा फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे लोन बंद करायला एकूण किती भरायचे तो हिशेब, काढा, बँकेला सांगून स्वतः गिऱ्हाईक बघा, त्याच्या पैशातून लोन बंद करा. थोडी तूट खिशातून गेली तरी चालेल. "सेटलमेंट" करून कमी पैशात मिटवलं तर रिपोर्टवर सेटल्ड येतं, क्लोज्ड नाही, आणि पुढे घराचं लोन घेताना ते बघितलं जातं.

वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत, घरच्यांना त्रास देणं, शिवीगाळ करणं हेही नियमाबाहेर. दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. तक्रार आधी बँकेकडे लेखी, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फी नाही, माहितीसाठी 14448. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे फार कमी जणींना माहीत असतं.

लोन संपलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 च्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, गाडी विकायची असेल तर सोबत फॉर्म 29 आणि 30, चालू इन्शुरन्स, पीयूसी. एनओसीवर बऱ्याचदा मुदत लिहिलेली असते, ती बघूनच आरटीओची तारीख घ्या.