एक नाव, दोन खाचा: रिव्हॉल्व्हर भरून बाळगण्यामागची पार्श्वभूमी

काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावायचं तर सिलिंडरची सहा घरं (गोळीच्या जागा) भरायची की पाच, हे विचारणाऱ्या नवख्याला आज एकच उत्तर मिळतं: पाच भर, घोड्याखालचं घर रिकामं ठेव. सल्ला चांगला आहे. पण तो 1873 नंतरच्या काडतुसी हत्यारांवरून आलेला आहे आणि आधीच्या काळावर सरसकट चिकटवला जातो. टोपीच्या, म्हणजे घोडा आपटून ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीच्या, जमान्यातली बरीच रिव्हॉल्व्हरं सहाही घरं भरून बाळगता यावीत अशीच घडवलेली होती.

इथे घोडा म्हणजे मागचा, अंगठ्याने चढवायचा तो. बातम्यांत ‘घोडा दाबला’ असं छापून येतं तेव्हा दाबलेला असतो चाप, आणि मुंबईच्या बोलीत तर अख्खं पिस्तूलच घोडा. पुढचा घोळ मात्र इंग्रजी शब्दाचा आहे.

1851चं .36 नेव्ही किंवा 1860चं .44 आर्मी, ही दोन्ही कोल्टची. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, दोन निपलांच्या (टोपी बसवायच्या बोंडांच्या) बरोबर मधे, ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी पोलादी खुंटी असते. घोड्याच्या तोंडाला तेवढीच खाच. घोडा हळूच खुंटीवर उतरवला की सिलिंडर फिरत नाही आणि घोडा कुठल्याच टोपीला शिवत नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना यातलं मर्म सांगायला नको. टोपीवर टेकलेला घोडा म्हणजे एका धक्क्याचं काम. खुंटीची खोड एकच: वापराने ती चेपते. चेपलेल्या खुंटीवरून सिलिंडर सरकतो आणि घोडा पुन्हा टोपीवर येतो.

रेमिंग्टनने हे जास्त शहाणपणाने सोडवलं. खुंटी न ठेवता निपलांच्या मधल्या धातूतच खाच कापली आणि घोड्याचं नाक त्या खाचेत बसवलं. चेपायला काही उरलंच नाही. माझ्या मते त्या काळातली सर्वांत भरवशाची सोय हीच. (या हत्याराला सगळे ‘1858’ म्हणतात ते नळीवर कोरलेल्या पेटंटच्या तारखेमुळे, ही खाच असलेलं मॉडेल 1863 नंतरचं.)

या खाचेला ‘सेफ्टी नॉच’ म्हणतात. घोळ इथून सुरू होतो, कारण 1873च्या काडतुसी कोल्टमध्येही ‘सेफ्टी नॉच’ आहे आणि ती वेगळीच वस्तू आहे. ती सिलिंडरवर नाही, घोड्याच्या बुडाशी आहे. घोडा चढवताना चार टिचक्या ऐकू येतात, त्यातली पहिली तिची. घोडा जेमतेम मागे येतो आणि चापाचं पातळ टोक त्या खाचेत अडकतं. म्हणजे हत्यार घोड्यावर पडलं तर सगळा मार त्या टोकाने सोसायचा. टोक किंवा खाचेची कड तुटली की समोर भरलेलं काडतूस. रेमिंग्टनमध्ये घोडा घट्ट धातूवर टेकलेला असतो, इथे तो नखाएवढ्या कडेवर लटकलेला असतो, आणि दोघांना नाव एकच. ‘सेफ्टी नॉच आहे ना, मग सहा भर’ हे वाक्य पहिल्या हत्याराबद्दल खरं आणि दुसऱ्याबद्दल जीवघेणं आहे. त्यात भर म्हणून लोक हाफ-कॉकलाही सेफ्टी म्हणतात. हाफ-कॉक, म्हणजे अर्धा चढवलेला घोडा, ही भरण्याची जागा. तिथे सिलिंडर मोकळा फिरतो.

आरपार भोकाच्या सिलिंडरचं 1855चं पेटंट 1869 साली संपलं आणि जुन्या टोपीच्या कोल्टना काडतुसी करण्याचा मार्ग मोकळा झाला. 1871पासून निघालेल्या पहिल्या प्रकारात सिलिंडरचा निपलांचा भाग कापून तिथे कडी बसवत, कडीत आघातपिन (काडतुसावर आपटणारी) आणि बाजूला भरायचं झाकण. कापलेल्या भागाबरोबर खुंट्याही गेल्या. उणीव कारखान्याच्याही ध्यानात आली असावी, कारण काही नगांच्या सिलिंडरवर सहाऐवजी बारा थांब-खाचा (सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या) आढळतात. त्यामुळे सिलिंडर दोन घरांच्या मधे अडकवून ठेवता येई. ही युक्ती टिकली नाही. पुढच्या प्रकारात पिन थेट घोड्यावर आली आणि 1873मध्येही तिथेच राहिली. भरणं झटपट झालं, बाळगणं मात्र एक पाऊल मागे गेलं.

1876च्या जानेवारीत कॅन्ससमधल्या विचिटात एका पोलिसाचं रिव्हॉल्व्हर दारूच्या गुत्त्यात बसल्याबसल्या होल्स्टरमधून निसटलं, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी त्याच्या कोटातून गेली. हाच माणूस, वायट अर्प, पुढे दंतकथा झाला. बातमीत ‘टोपी’ हा शब्द आहे, म्हणून ते हत्यार जुनं होतं की काडतुसी यावर अजून भांडणं चालतात.

1950च्या दशकात टीव्हीवरच्या काऊबॉयमुळे 1873ची रचना पुन्हा खपू लागली आणि तीच खोड परतली. पडून सुटलेल्या गोळ्या, मग खटले. शेवटी 1973 साली एका अमेरिकन उत्पादकाने ट्रान्सफर बार आणला: चाप दाबलेला नसेल तर घोड्याचा घाव पिनेपर्यंत पोचतच नाही.

त्याच सुमारास इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियातून टोपीच्या नकला येत होत्या. अमेरिकेच्या 1968च्या बंदूक कायद्यात अशा नकलांना सवलत आहे. काडतुसी सिलिंडर बसवला की ती उरत नाही. (आपल्याकडे ठासणीलाही परवाना लागतो.) हे सिलिंडर रेमिंग्टनच्या नकलेत सहज बसतात, आणि जुनी खाच जुन्या सिलिंडरबरोबर टेबलावर राहते. नव्या सिलिंडरच्या मागच्या पट्टीवर घोडा टेकवायला जागा आहे का, हे नग हातात घेऊनच पाहावं लागतं. नसेल तर पाचच. फ्रेम पितळी असेल तर हा सिलिंडर बसवूच नये.

1873च्या इटालियन नकलांमध्ये दोन खाचांची आसपिन (सिलिंडर जिच्यावर फिरतो ती) येते. ती खोल ढकलली की घोडा पूर्ण खाली येत नाही. पुष्कळ जण ती काढून साधी पिन घालतात, मग एक भरतात, एक सोडतात, चार भरतात, घोडा पुरता चढवतात आणि रिकाम्या घरावर उतरवतात.