फोर्कलिफ्टचे टायर : निवड आणि बदल

फोर्कलिफ्टच्या, म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांवर (फोर्क) माल उचलणाऱ्या यंत्राच्या, चाकांवर बसवलेले रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे (टणक प्लास्टिकसारख्या द्रव्याचे) टायर. यंत्र आणि माल यांचे सगळे वजन त्यांच्यावर असते. मोटारीत चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा व शॉक-अब्सॉर्बर असतात. बहुतेक फोर्कलिफ्टमध्ये यांपैकी काहीच नसते. पुढचा ॲक्सल सांगाड्याला घट्ट जखडलेला असतो, तर मागचा, वळणाऱ्या चाकांचा ॲक्सल मध्यभागी एका पिनेवर डुलतो. त्यामुळे फरशीचा सांधा, खड्डा, रॅम्पची कड या सगळ्यांचा दणका टायरलाच सोसावा लागतो. उंचावलेल्या मास्टवर (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबांवर) माल सरळ राहील की कलेल, हेही बऱ्याच अंशी टायरवर ठरते. टायर हा यंत्राच्या तोलाचा भाग आहे. झिजला की बाजारात जो मिळेल तो आणून बसवावा अशी ही वस्तू नाही.

रिकाम्या फोर्कलिफ्टचे वजन काउंटरवेटमुळे (मालाला तोल देणाऱ्या जड वजनामुळे) मागे जास्त असते. फोर्कवर पूर्ण क्षमतेचा माल आला की एकूण वजनाचा साधारण ८० ते ९० टक्के भाग पुढच्या चाकांवर येतो. अडीच टन क्षमतेचे आणि स्वतः पावणेचार टनांच्या आसपास भरणारे यंत्र घेतले, तर पुढच्या प्रत्येक टायरवर जवळपास पावणेतीन टन येतात. म्हणून अशा यंत्राला पुढे ७.००-१२ आणि मागे ६.००-९ ही मापे सर्रास दिसतात. मागच्या टायरची झीज वेगळ्या कारणाने होते : अरुंद जागेत यंत्र वळवताना ते फरशीवर आडवे घासले जातात. भारक्षमतेच्या तक्त्यांत भाराचे चाक आणि स्टीअरिंगचे चाक यांचे आकडे यासाठीच वेगवेगळे असतात. तेही वेगानुसार बदलतात. वेग वाढला की त्याच टायरची क्षमता घटते.

निवडीची सुरुवात जमिनीपासून करावी. गुळगुळीत काँक्रीटच्या बंदिस्त गोदामात प्रेस-ऑन टायर चालतात. पोलादी कड्यावर रबर पक्के चिकटवलेले असते आणि ते कडे हायड्रॉलिक प्रेसने चाकावर दाबून बसवतात. हे टायर लहान व्यासाचे असल्याने यंत्र बुटके राहते आणि कमी जागेत वळते. पण बाहेरच्या मातीत किंवा खडीवर ते रुततात, ओल्या जागी घसरतात. अंगण, कच्चा रस्ता, खाचखळगे असतील तर हवेचे टायर सर्वांत मऊ चालतात. त्यांतला दाब मोटारीच्या टायरच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असतो. १०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) वरचे आकडे इथे नेहमीचे आहेत. तो कमी पडला तर टायरची बाजू फुगते, तापते आणि माल वर असताना यंत्र एका अंगाला झुकते. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असताना उंचावर माल नेणे उघड धोक्याचे आहे.

या दोहोंच्या मधला सॉलिड टायर. बाहेरून तो हवेच्या टायरसारखाच दिसतो आणि बहुधा त्याच रिमवर बसतो, पण आत सगळे रबर. चांगल्या प्रतीच्या टायरमध्ये रबराचे तीन थर असतात : रिमला धरून राहणारा, पोलादी तारा घातलेला कडक तळ, दणका शोषणारा मधला मऊ थर, आणि झीज सोसणारा वरचा थर. जिथे खिळे, पत्र्याचे तुकडे, काचा पडलेल्या असतात तिथे याला तोड नाही, कारण पंक्चरचा प्रश्नच उरत नाही. त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. रबरातून उष्णता सहज बाहेर जात नाही. भरल्या मालानिशी लांब पल्ल्याच्या खेपा सतत मारल्या तर टायर आतून तापतो, थर सुटतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारा टायर अचानक फाटतो. खेपा लांबच्या असतील तर टायरपेक्षा आधी कामाची पद्धत बदलावी. फोर्कलिफ्ट हे वाहतुकीचे वाहन नाही.

हवेच्या टायरमध्ये फोम भरून घेण्याचीही पद्धत आहे. पंक्चर टळते, पण चाकाचे वजन वाढते आणि टायरचा मऊपणा बराचसा जातो.

रीच ट्रक (अरुंद वाटेत उंच रॅकवर माल ठेवणारा), पॅलेट ट्रक (पॅलेट जमिनीलगत हलवणारा) अशा बॅटरीवरच्या यंत्रांना पॉलियुरेथेनची चाके असतात. हे द्रव्य रबरापेक्षा जास्त भार पेलते आणि सहज फिरते, त्यामुळे एका चार्जिंगवर काम जास्त होते. ओल्या किंवा तेलकट फरशीवर मात्र त्याची पकड कमी असते, आणि बारीक खडा त्यात रुतून बसतो. अन्न, औषधे, कागद यांच्या कारखान्यांत काळे डाग चालत नाहीत, म्हणून नॉन-मार्किंग टायर वापरतात. त्यांत रबराला काळा रंग देणाऱ्या काजळीऐवजी सिलिका असते. हे टायर काळ्या टायरपेक्षा लवकर झिजतात. शिवाय काजळी गेल्याने त्यांतून वीज वाहत नाही आणि यंत्रावर स्थिर विद्युतभार साचतो. ज्वलनशील वाफ असेल तिथे ठिणगीचा धोका असतो. बऱ्याच ठिकाणी म्हणून यंत्राखाली जमिनीला टेकणारा वाहक पट्टा लावतात.

मापे वाचताना गफलत होते. ७.००-१२ म्हणजे रुंदी सुमारे ७ इंच, रिमचा व्यास १२ इंच. २८×९-१५ मध्ये पहिला आकडा बाहेरच्या व्यासाचा, दुसरा रुंदीचा, तिसरा रिमचा. प्रेस-ऑनचे २१×७×१५ मात्र बाहेरचा व्यास, रुंदी आणि पोलादी कड्याचा आतला व्यास असे वाचायचे. शेवटी १५ दोन्हीकडे आहे म्हणून एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मुळात प्रेस-ऑनवर चालणाऱ्या यंत्राचा सांगाडाच बुटका असतो. त्याला हवेचे मोठे टायर लावून अंगणात उतरवता येत नाही. यंत्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता ठरावीक टायर गृहीत धरून काढलेली असते. टायरचा प्रकार किंवा माप बदलायचे असेल तर निर्मात्याची लेखी संमती घ्यावी आणि गरज पडल्यास पाटीही बदलून घ्यावी.

टायर कधी बदलायचा याची खूण बहुतेक टायरवरच असते. अनेक सॉलिड टायरच्या बाजूवर ६०जे अशी रेघ असते. जे म्हणजे ज्यूल, ऊर्जेचे एकक. झीज त्या रेघेपर्यंत आली की उरलेले रबर दणका पुरेसा शोषू शकत नाही. प्रेस-ऑनमध्ये झीज बाजूवरच्या अक्षरांच्या वरच्या कडेला पोहोचली की टायर काढावा, असा रिवाज आहे. रेघ दूर असली तरी मोठे लचके निघालेले, खोल आडव्या भेगा पडलेल्या, कड्यापासून किंवा रिमपासून रबर सुटलेले, किंवा करकचून ब्रेक लावल्याने एका जागी सपाट झालेले टायर बाद समजावेत. सपाट टायरची धडधड प्रत्येक फेऱ्याला ऑपरेटरच्या पाठीच्या कण्यात जाते. पाठदुखीची तक्रार आली की आधी टायर पाहावेत. सॉलिड टायर रिमवर घसरतो का हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे : टायर आणि रिम यांवरून खडूची एकच सरळ रेघ ओढायची. थोड्या कामानंतर रेघेचे दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर पकड गेली.

पुढचे दोन टायर नेहमी जोडीने बदलावेत. मागचा ॲक्सल डुलणारा असल्याने तिथला फरक थोडाफार पोटात घेतला जातो. पुढचा ॲक्सल जखडलेला, त्यामुळे फरक थेट मास्टमध्ये उतरतो. पुढच्या चाकांत १ मीटर अंतर आहे आणि झिजलेल्या टायरमुळे एक बाजू १० मिलिमीटर खाली आहे, असे धरा. ५ मीटर उंचीवर माल ५० मिलिमीटर बाजूला सरकलेला असेल, आणि मास्टच्या लवचिकपणाची भर वेगळी. शिवाय वेगळ्या व्यासाची चाके सरळ चालतानाही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) उसंत मिळत नाही.

प्रत्यक्ष बदलताना माल उतरवून, यंत्र बंद करून, न उचललेल्या चाकांना ओट (चाक हलू नये म्हणून पुढे-मागे पाचर) लावावी. जॅक निर्मात्याने दाखवलेल्या जागीच लावावा आणि वजन लगेच ठोकळ्यांवर घ्यावे. नुसत्या जॅकवर उभ्या यंत्राखाली हात घालू नये. हवेच्या टायरबाबत सर्वांत मोठा धोका दोन भागांच्या रिमचा असतो. तिच्यावर दोन प्रकारचे नट असतात : चाक हबला (ज्यावर चाक बसते त्या मधल्या भागाला) धरणारे आणि रिमचे दोन भाग एकत्र धरणारे. आत हवा असताना दुसरे नट सैल केले तर रिमचा भाग तोफगोळ्याच्या जोराने उडतो आणि माणूस जागीच दगावू शकतो. म्हणून चाक काढण्याआधीच व्हॉल्व्हची कोअर काढून सगळी हवा सोडावी. नव्याने हवा भरताना चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने, बाजूला उभे राहून भरावी.

सॉलिड आणि प्रेस-ऑन टायरला प्रेस लागतो. प्रेस-ऑनमध्ये नवा टायर दाबत नेला की तोच जुन्याला पलीकडून ढकलून बाहेर काढतो, एकाच दाबात. प्रेस जवळ नाही म्हणून जुने कडे गॅस कटरने कापणे टाळावे. चाकाला चिरा जातात आणि जळत्या रबराचा धूर विषारी असतो. चाक परत लावताना नट समोरासमोरच्या क्रमाने, ठरवून दिलेल्या टॉर्कने आवळावेत. काही तासांच्या कामानंतर ते पुन्हा तपासावेत, कारण रंग आणि गंज दबल्यावर नट सैल पडतात. मास्ट सरळ उभा आहे का, तेही त्याच वेळी ओळंब्याने पाहून घ्यावे.