खांदा निखळतो, पण का निखळतो?

खांदा निखळला की आपल्याकडे पहिला प्रश्न 'बसवला का?' आणि खूप काळ डॉक्टर-वैद्यांचंही मुख्य लक्ष तिथेच होतं. सुश्रुतसंहितेत सांधा सुटण्याचे 6 प्रकार दिलेत, आणि खांद्यासाठी सांगितलंय की काखेत मुसळ घालून वर उचला, जागेवर बसला की स्वस्तिक बंध, म्हणजे आडवीतिडवी पट्टी, बांधा. तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिस परत परत निखळणाऱ्या खांद्याला काखेत तापलेल्या लोखंडाने डागायचा, म्हणजे चट्टा पडून जागा आवळली जाईल. वाचून अंगावर काटा येतो, पण सैल जागा आवळायची ही कल्पना नंतरच्या ऑपरेशन्समध्येही तीच आहे.

1923 मध्ये लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी ठासून सांगितलं की खरा बिघाड खांद्याच्या वाटीच्या, म्हणजे दंडाचं हाड ज्या खोबणीत बसतं तिच्या, पुढच्या कडेला आहे, तिथली कूर्चेची कड म्हणजे लॅब्रम सुटते, ती परत जोडा. 1940 मध्ये हिल आणि सॅक्स यांनी एक्सरेवर दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला मागून पडणारा खड्डा दाखवला. तरी बरीच वर्षं पुट्टी-प्लॅटसारखी ऑपरेशन्स चालली, त्यात पुढचा स्नायू आखूड करायचे, खांदा निखळायचा थांबायचा पण हात बाहेर वळायचा नाही आणि काहींचा सांधा पुढे झिजायचा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 1980 चं नीर आणि फॉस्टर या अमेरिकन सर्जनांचं काम. काहींचा खांदा सगळ्याच दिशांना सैल असतो, एकाच बाजूने आवळला की दुसरीकडून सरकतो, म्हणजे चुकीच्या पेशंटवर चांगलं ऑपरेशनही वाईटच. मग सिएटलच्या मॅट्सेन यांनी सरळ 2 गट केले, मार लागून फाटलेले आणि मुळात सैल असलेले, पहिल्यांना ऑपरेशन, दुसऱ्यांना आधी व्यायाम. पण फाटलेल्यांतही सगळे सारखे नाहीत. 2000 मध्ये बर्कहार्ट आणि डी बीर यांनी सुटलेली कड दुर्बिणीतून शिवण्याच्या 194 ऑपरेशन्सचा हिशोब मांडला, हाड शाबूत असेल तर 4% खांदे परत निखळले, हाड बरंच झिजलेलं असेल तर 67%. तिथे नुसती शिवण पुरत नाही, हाडाचा तुकडाच पुढे बसवावा लागतो, जे फ्रान्सच्या लाटार्जे यांनी 1954 मध्येच सांगितलं होतं!

2004 मध्ये लंडनमधल्या स्टॅनमोरच्या डॉक्टरांनी त्रिकोण काढला: एका कोपऱ्यात मार लागलेले, दुसऱ्यात मुळात सैल, तिसऱ्यात असे की ज्यांचे स्नायूच चुकीच्या वेळी खेचतात. या तिसऱ्यांना शक्यतो सुरी लावायची नाही, फिजिओथेरपीने स्नायूंना नव्याने शिकवायचं. आणि पेशंट काळानुसार एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे सरकूही शकतो, त्यामुळे एकदा ठरवलेला प्रकार पुन्हा तपासावा लागतो.